रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाली. एआयवर बोल. मुलांना नोकरीचं काहीतरी सांग." मी म्हटलं, "मी बुरशीवर बोलते." पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग विचारलं, "लोणच्यावरची?" मी म्हटलं, "नाही, भातावरची." ते बिचारे म्हणाले, "बोल बाई, पण वीस मिनिटांत आटप."

तर वीस मिनिटं. घड्याळ समोर ठेवलंय.

बुरशीशी माझी पहिली ओळख याच शाळेत झाली. विज्ञानाच्या सरांनी आम्हाला शिळी भाकरी ओल्या फडक्यात गुंडाळून आणायला सांगितली होती. चौथ्या दिवशी सगळा वर्ग नाक धरून बसला. सरांनी टाचणीने एक कण काचेवर घेतला आणि शाळेतल्या एकुलत्या एक सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. रांगेत उभं राहून प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा मिनिट आला. मला काचेवर काळ्या गोळ्या आणि धागे दिसले. सर म्हणाले, "यातली प्रत्येक गोळी म्हणजे एक बीज. हवेवर स्वार होतं आणि जागा मिळाली की रुजतं." त्या अर्ध्या मिनिटावर मी पुढे आयुष्यातली काही वर्षं घालवीन असं तेव्हा कोणी सांगितलं असतं, तर मी हसले असते.

त्याच वर्षी, म्हणजे आम्ही सातवीत असताना, आमच्या घरी एक गोष्ट घडली. माझ्या आळीतल्या लोकांना ती माहीत आहे, बाकीच्यांना नसेल.

आमची ओढ्याकाठी दोन खाचरं आणि थोडं वर, माळाच्या कडेला एक. त्या वर्षी लावणी वेळेवर झाली होती. भात पोटरीत आलं, गणपती झाले, आणि मग आठ-दहा दिवस ऊन असं पडलंच नाही. नुसती रिमझिम, ढग, सकाळी दव. आधी पानांवर ठिपके आले. दोन्ही टोकांना निमुळते, मधे राखाडी, कडेला तपकिरी, थेट डोळ्यासारखे. आप्पा म्हणाले, "करपा आलाय, ऊन पडलं की जाईल." ऊन पडलं, पण तोवर लोंब्या बाहेर पडल्या होत्या आणि लोंबीच्या मानेलाच काळं कडं बसलं होतं. आपल्याकडे त्याला मानमोडी म्हणतात. लोंबी वाकते, पण दाण्याच्या भाराने नाही. मान सडते म्हणून ती मोडते. आत दूध भरत नाही. घटस्थापनेच्या सुमारास आम्ही ओढ्याकाठच्या खाचरांत गेलो तेव्हा सगळी खाचरं पांढरी दिसत होती. हातात घेऊन चोळलं तर नुसतं पळिंज.

मग गावात कारणं सुरू झाली. कोणी म्हणालं, बांधावरच्या देवाचं राहिलं. कोणी म्हणालं, बी घरचं वापरलं म्हणून. जास्त जणांचं मत पडलं की आप्पांनी युरिया जास्त टाकला. पोरांच्या शिक्षणाला पैसा हवा म्हणून हावरटपणा केला, असं भावकीतल्या एकांनी आमच्या ओट्यावर बसून सांगितलं. आप्पा काही बोलले नाहीत. युरिया त्यांनी खरंच नेहमीपेक्षा जरा जास्त टाकला होता.

सोसायटीचं कर्ज होतं. माझा थोरला भाऊ तेव्हा याच शाळेत नववीत होता. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो शाळेत आला नाही. मामाने त्याला पुण्याला गॅरेजमध्ये लावलं.

पुढचं पटकन सांगते, कारण ते सगळ्यांचं सारखंच आहे. दहावी झाली, बारावी झाली. दादाच्या पगारातून आणि शिष्यवृत्तीतून इंजिनिअरिंग झालं. नोकरी लागली. बँकांची सॉफ्टवेअर लिहिली, विमा कंपन्यांची लिहिली. काही वर्षांपूर्वी आमच्या कंपनीकडे एका संशोधन गटाचं काम आलं. पिकांना रोग करणाऱ्या बुरशीच्या जनुकांची माहिती साठवायची, तपासायची आणि तिच्यातून यादी काढून द्यायची. पैसे कमी होते, म्हणून कोणी घेत नव्हतं. मी घेतलं, खरं सांगायचं तर घराजवळ होतं म्हणून.

पहिल्याच बैठकीत तिथल्या शास्त्रज्ञ बाईंनी पडद्यावर एका पानाचा फोटो लावला. डोळ्यासारखे ठिपके. त्या इंग्रजीत काहीतरी सांगत होत्या आणि मी मधेच मराठीत बोलून गेले, "हा तर करपा!" त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "तुम्हाला कसं माहीत?" मी म्हटलं, "आमच्या घरी येऊन गेलाय."

त्या बुरशीचं शास्त्रीय नाव मॅग्नापोर्थे ओरायझी. शेतकी पुस्तकांत पायरिक्युलॅरिया म्हणूनही सापडेल. जगातल्या ऐंशीहून अधिक देशांत ती भातावर आढळते. एक गोष्ट आधीच सांगते, कारण इथे बरेच जण अजून भात लावतात. 'कडा करपा' वेगळा. तो जिवाणूंमुळे होतो आणि त्यावर बुरशीनाशक मारून उपयोग नसतो. नाव सारखं असलं तरी दुखणं एक नाही.

आता ही बुरशी करते काय? तिचं बीज, म्हणजे बीजाणू, नासपतीच्या फळासारखं असतं, तीन कप्प्यांचं. ते पानावर पडलं की टोकातून चिकट पदार्थ सोडून पानाला घट्ट धरतं. पान ओलं असेल तर दोन-तीन तासांत त्याला कोंब फुटतो. भाताचं पान मेणचट असतं, पाणीसुद्धा त्यावर ठरत नाही. मग कोंबाचं टोक फुगतं आणि तिथे एक बारीक घुमट तयार होतो. घुमटाच्या भिंतीला आतून मेलॅनिनचा थर बसतो, म्हणजे आपल्या केसांना काळं करणारं द्रव्य असतं ना, त्याच जातकुळीतला. हा थर बसला की आतलं ग्लिसरॉल बाहेर गळत नाही, पण बाहेरचं पाणी आत येत राहतं. दाब वाढत जातो, आणि त्या दाबाने घुमटाच्या तळातून एक सुईसारखा तंतू पानाची कातडी फोडून आत घुसतो.

हा दाब १९९१ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी मोजून काढला. सुमारे ऐंशी वातावरणांइतका. मला याचा अंदाज येईना, म्हणून मी दादाला फोन केला. त्याचं आता स्वतःचं गॅरेज आहे. म्हटलं, "दादा, गाडीच्या टायरात हवा किती भरतोस?" म्हणाला, "कारला तीस-बत्तीस." मी हिशेब करून सांगितलं, "आपल्या भातावरच्या करप्याच्या घुमटात साडेअकराशेच्या आसपास असते." दादा म्हणाला, "एवढी हवा भरली तर टायर काय, दुकान उडेल." आणि थोडं थांबून म्हणाला, "एवढुश्या बीजात?" त्या घुमटाची रुंदी केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी असते.

मग प्रश्न असा की हे सगळं करायला लागणारी माहिती बुरशीच्या कुठल्या जनुकांत आहे? २००५ मध्ये या बुरशीचा सगळा जनुकसंच वाचून प्रसिद्ध झाला. सुमारे चार कोटी अक्षरं, त्यांत सुमारे अकरा हजार जनुकं. यातली बहुतेक तिला नुसतं जगायला लागतात: खाणं, वाढणं, पेशी दुरुस्त करणं. आपल्याला हवीत ती जनुकं, जी नसली तरी बुरशी जगते पण भाताला रोग करू शकत नाही. ती सापडली तर तिचं नेमकं हत्यार कळतं.

शोधायचं कसं? आपल्या लहानपणी घरातली वायरिंग कोणी केली हे कोणालाच माहीत नसायचं. कुठल्या खोलीचा फ्यूज कुठला, हे कळायला एकच उपाय होता. एक एक फ्यूज काढायचा आणि आतून कोणीतरी ओरडायचं, "माजघरातला गेला!" जनुकांचंही तसंच करतात. एक जनुक बिघडवायचं किंवा काढून टाकायचं, ती बुरशी भाताच्या रोपांवर फवारायची आणि काय होतं ते बघायचं.

या पद्धतीने सापडलेली तीन जनुकं मला फार आवडतात, कारण ती डोळ्यांनी दिसतात. मूळ बुरशी राखाडी-काळपट. यातलं एक जनुक बिघडलं की ती पांढरी होते, दुसरं बिघडलं की गुलाबीसर, तिसरं बिघडलं की फिकट तपकिरी. तिन्ही जनुकं मेलॅनिन तयार करण्याच्या कामातली. त्यांच्यावाचून बुरशी बशीत मजेत वाढते. घुमटही बांधते. पण घुमटाला थर नाही म्हणून दाब धरत नाही आणि निरोगी पानात तिला शिरता येत नाही. पण त्याच पानाला ओरखडा काढून ठेवला तर तीच बुरशी आत जाते आणि रोग करते. म्हणजे ही जनुकं फक्त दार फोडण्यापुरती. आपल्याकडे करप्यावर मारतात ते ट्रायसायक्लाझोल हेच करतं. ते बुरशीला मारत नाही. तिचा मेलॅनिनचा कारखाना बंद पाडतं. म्हणूनच ते वेळेआधी मारावं लागतं. बुरशी आत शिरल्यावर दाराला कुलूप लावून काय उपयोग?

याउलट पीएमके-वन नावाचं एक जनुक १९९६ मध्ये सापडलं. ते काढलं तर घुमट तयारच होत नाही. एवढंच असतं तर ओरखडा काढलेल्या पानात तरी ती बुरशी शिरली असती. पण नाही, ओरखडा काढूनही रोग होत नाही. याचा अर्थ आत गेल्यावरच्या कामालाही हे जनुक लागतं. एक साधा ओरखडा, पण कुठलं जनुक दाराशी लागतं आणि कुठलं घरातही लागतं, हे त्यावरून कळलं.

फ्यूजच्या पद्धतीत दोन अडचणी असतात आणि त्या घरातल्यासारख्याच. एक, घरात इन्व्हर्टर असेल तर फ्यूज काढूनही दिवा जात नाही. बुरशीतही एका जनुकाचं काम दुसरं उचलतं, आणि आपल्याला वाटतं की पहिलं बिनकामाचं आहे. दुसरी, फ्यूज काढताना भलतीच वायर तुटली तर दिवा गेल्याचं खापर फ्यूजवर फुटतं. म्हणून नियम असा की काढलेलं जनुक पुन्हा बसवून बघायचं. फ्यूज परत घातला की दिवा लागलाच पाहिजे. नाही लागला तर दोष दुसरीकडे आहे.

२००७ मध्ये दक्षिण कोरियातल्या शास्त्रज्ञांनी हे काम मोठ्या प्रमाणावर केल्याचं प्रसिद्ध झालं. आपला डीएनए दुसऱ्याच्या पेशीत घुसवण्याची एका जिवाणूला निसर्गतःच सवय आहे. त्याच्याकडून त्यांनी बुरशीचे वीस हजारांहून अधिक बिघडवलेले प्रकार तयार करून घेतले आणि एकेक तपासला. त्यातून रोगाशी संबंधित २०२ नव्या जागा सापडल्या. वीस हजार प्रकार, प्रत्येकाची वाढ, बीजाणू, घुमट, पानावरचे ठिपके. एवढी माहिती वहीत मावत नाही. इथे आमच्यासारख्यांची गरज लागते.

आता माझी चूक सांगते. भाषणात यशाच्या गोष्टी सांगायच्या असतात, पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते या चुकीने.

आमच्याकडे आलेल्या तक्त्यात प्रत्येक बिघडवलेल्या बुरशीसाठी एक ओळ होती आणि एका रकान्यात पानावर किती ठिपके पडले तो आकडा. मी प्रोग्रॅम लिहिला: ज्यांचे ठिपके सगळ्यात कमी, ते वर. शून्य ठिपके म्हणजे त्या जनुकावाचून रोग होत नाही, म्हणजे ते जनुक महत्त्वाचं. यादी झाली. गटातल्या पीएच.डी. करणाऱ्या एका मुलीने वरच्या जनुकांपैकी एक निवडलं. ते काढून टाकलेली बुरशी नव्याने तयार करायला, तपासायला, भाताची रोपं वाढवायला तिचे चार महिने गेले. आणि तिच्या रोपांवर करपा आला. भरपूर आला.

तिला वाटलं, आपलाच हात चुकला. तिने पुन्हा केलं. पुन्हा करपा. मग ती प्रयोगशाळेच्या जुन्या वह्या काढून बसली. त्या ओळीसमोर कोणीतरी बारीक अक्षरात लिहिलं होतं की रोपं मेल्यामुळे तपासणी झाली नाही. तक्त्यात तो रकाना रिकामा होता. आणि माझ्या प्रोग्रॅमने रिकाम्या रकान्याला शून्य समजलं होतं.

तपासलंच नाही आणि तपासलं पण काही आढळलं नाही, या दोन गोष्टी मी एक केल्या होत्या. संगणक शिकवताना पहिल्या वर्षाला हे सांगतात. वीस वर्षं काम केलेल्या मी ते केलं. ती मुलगी मला म्हणाली, "असू दे ताई, होतं असं." मला त्या रात्री जेवण गेलं नाही. चार महिने म्हणजे भाताचा एक हंगाम. एक हंगाम वाया जाणं म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

दुरुस्ती करताना दुसरी चूकही सापडली. यादीत वर असलेल्या कित्येक बुरश्या मुळात रोडावलेल्याच होत्या. त्या बशीतही धड वाढत नव्हत्या, त्यांना बीजाणूही धरत नव्हते. शास्त्रज्ञ बाई म्हणाल्या, "हे जनुक रोगाचं नाही हो. ही बुरशीच आजारी आहे. तापाने फणफणलेला चोर चोरीला गेला नाही, म्हणून त्याचं हत्यार सापडलं असं होत नाही." तेव्हापासून आमच्या यादीत प्रत्येक जनुकासमोर सगळं वेगवेगळं लिहिलेलं असतं: वाढ नीट आहे का, बीजाणू होतात का, घुमट होतो का, साध्या पानावर काय, ओरखडलेल्या पानावर काय, परत बसवल्यावर काय. आणि जिथे तपासलं नाही तिथे स्पष्ट शब्दांत 'तपासलेले नाही'.

इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड या जुन्या शेती संशोधन केंद्राने २००५ पासून जगभरच्या अशा जनुकांची एक नोंदवही सर्वांसाठी खुली ठेवली आहे. मला तिच्यातली एक गोष्ट फार पटली. रोग थांबवणाऱ्या जनुकांबरोबरच, 'हे जनुक काढलं, पण रोगावर काही परिणाम झाला नाही' असंही तिथे नोंदवलेलं असतं. काही न सापडणं हीसुद्धा माहिती आहे, पण कोणीतरी खरंच बघितलेलं असलं पाहिजे.

याचा शेतकऱ्याला उपयोग काय, असं तुम्ही विचाराल. बुरशी पानात शिरल्यावर सुरुवातीला झाडाला मारत नाही. ती बारीक बारीक प्रथिनं सोडून झाडाच्या पहारेकऱ्यांना झोपवते. अशा प्रथिनांच्या सुरुवातीला 'बाहेर पाठवा' असा जणू पत्ता लिहिलेला असतो. तो पत्ता अकरा हजार जनुकांतून शोधून काढणं, हे आमच्या कामातलं सोपं काम. गंमत अशी की यातल्या काही प्रथिनांना ओळखणारी जनुकं भाताच्या काही वाणांत असतात. ओळख पटली की झाड तिथली पेशीच मारून टाकतं आणि बुरशीची वाट बंद होते. रोग्याचं एक जनुक आणि झाडाचं एक जनुक अशी जोडी लागते, हे अमेरिकेत हॅरॉल्ड फ्लोर यांनी १९४० च्या दशकात जवसावरच्या तांबेऱ्यावर काम करून दाखवलं होतं. आपल्याकडे दिल्लीच्या पुसा संस्थेने पाय-नाइन नावाचं एक जनुक मूळ रानटी भातातून आलेलं घेऊन पुसा बासमती १६३७ हा वाण २०१६ मध्ये दिला, तो करप्याला दाद देत नाही. पण बुरशीही गप्प बसत नाही. ओळखलं जाणारं जनुक ती बदलते किंवा टाकून देते. म्हणून तिची जनुकं वाचत राहावं लागतं. आज जो वाण टिकतोय तो कशामुळे टिकतोय हे माहीत असेल, तर उद्या तो का पडला हे कळतं.

गेल्या दिवाळीत मी हे सगळं आप्पांना सांगितलं. ते आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. ओट्यावर बसून त्यांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "म्हणजे त्या वर्षी युरियाचा दोष नव्हता तर."

मला 'नव्हता' म्हणायची फार इच्छा होती. पण ते खरं नव्हतं. नत्र जास्त झालं की भात करप्याला लवकर बळी पडतं, हे पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. मी म्हटलं, "आप्पा, थोडा असेल. ढगाळ हवा होती, दव होतं, बुरशी होती, आणि युरियाही होता. कोणाचा वाटा किती, ते आता सांगता येत नाही. युरिया न टाकलेलं एखादं खाचर शेजारी असतं तर सांगता आलं असतं."

आप्पा म्हणाले, "युरिया वरच्या खाचरातही तेवढाच टाकला होता. तिथलं भात आलं होतं की."

मी उडालेच. तीस-बत्तीस वर्षांत हे मला माहीत नव्हतं. म्हटलं, "तुम्ही कधी बोलला नाहीत?" म्हणाले, "कोणी विचारलं?"

मग मी एकेक विचारत गेले. खाली आंबेमोहोर होता, वर इंद्रायणी. खाली ओढ्यामुळे दव दहा-अकरापर्यंत हलत नसे, वर वारा लागायचा. म्हणजे दोन गोष्टी वेगळ्या होत्या, वाण आणि ओलावा. त्यातली कुठली कारण होती हे त्या एका हंगामावरून ठरत नाही. पण एकट्या युरियाने पीक गेलं, एवढं तरी निश्चित खोटं ठरलं. वरचं खाचर त्याची साक्ष होतं आणि ते गावाच्या डोळ्यांसमोर होतं. आप्पांना मी म्हटलं, "नक्की काय ते कळायला दोन्ही वाण दोन्हीकडे लावायला हवे होते." ते हसले, म्हणाले, "मग ये जूनमध्ये. चिखलात उतर आणि लाव."

म्हणून भात लावणाऱ्या माझ्या मित्रांना एवढंच सांगते. ठिपके दिसले की आधी पान कृषी विज्ञान केंद्रात किंवा शेतकी महाविद्यालयात दाखवा, मग औषधाचं बघा. आणि कुठल्या खाचरात कुठला वाण, किती खत, रोग कधी दिसला, कुठे दिसला नाही, हे एका वहीत लिहून ठेवा. तुमच्या पोरीला तीस वर्षांनी उपयोगी पडेल.

आता शेवटचं. घड्याळ संपत आलंय.

सकाळी मला दादाने गाडीने इथे आणलं. फाटकाशी सोडलं. मी म्हटलं, "आत चल ना." म्हणाला, "मी कुठला माजी विद्यार्थी? यादीत नाव नाही माझं." आणि गाडी वळवून तो बाजारात गेला, अजून तिथेच असेल. मी आत येऊन यादी पाहिली. खरंच नाही. यादी दहावीच्या निकालाच्या रजिस्टरवरून केली आहे, त्यामुळे संयोजकांची काही चूक नाही. माझ्या प्रोग्रॅमचंच झालं तसं त्यांचं झालं आहे. जिथे आकडा नव्हता तिथे शून्य धरलं गेलं.

पण तो पाचवी ते नववी याच वर्गांत बसला. कवायतीत पुढे असायचा. माझं कंपासपेटीपासून कॉलेजच्या फीपर्यंतचं सगळं त्याने केलं. आणि तो एकटा नाही. कोणाचा करप्याने गेला असेल, कोणाचा बापाच्या आजाराने, कितीतरी मुलींचा लग्नाने. आपल्या प्रत्येकाच्या बाकावर शेजारी असं कोणीतरी होतं.

संयोजकांना माझी विनंती आहे. स्मरणिका छापायला जाण्याआधी हजेरीपट काढू या. दाखल्यांचं जुनं रजिस्टर कार्यालयात आहे, मी चौकशी केली आहे. प्रत्येक तुकडीतल्या दोघा-तिघांनी बसलं तर दोन रविवारांत काम होईल. तक्ता मी करून देते. यावेळी रिकाम्या जागा रिकाम्याच ठेवीन, आणि एकेकाला फोन करून भरू.

माझ्या बाजूने पहिलं नाव मी आत्ता बाहेर जाऊन आणते.